पेठचा रस्ता आणि जटायूचे वंशज

गेल्या महिन्यांत जोहान्सबर्गहून आमच्या पुतण्याचें पत्र आलें. चार मित्रांसह मोटार घेऊन तो क्रूगर राष्ट्रीय उद्यानांत पांच दिवस हिंडला. १९२६ सालीं स्थापन झालेल्या या अरण्याचा विस्तार सुमारें १९,५०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या सबंध नाशिक जिल्ह्याहून मोठा! डांबरी सडकेवर ताशीं पन्नास किलोमीटरांहून अधिक वेग नाहीं, नेमलेल्या जागेवांचून गाडीखालीं उतरावयाचें नाहीं, दरवाजे बंद होण्यापूर्वीं तळावर परतलेंच पाहिजे, असे तेथील कडक नियम. सिंह-हत्तींचें वर्णन त्यानें चार ओळींत उरकलें. मेलेल्या झेब्र्यावर उतरलेल्या गिधाडांवर मात्र पानभर लिहिलें.

पत्र ऐकून आत्याबाई म्हणाल्या, "एवढ्यासाठीं समुद्र कशाला ओलांडावयास हवा? वडील पेठेस मास्तर होते, तेव्हां हीं आम्हांस रोज दिसत."

पुढच्या रविवारीं त्यांना घेऊन आम्ही निघालों. नाशिकहून पेठ सुमारें पंचावन्न किलोमीटर. रामशेजचा किल्ला मागें पडला, सावळघाट ओलांडला, करंजाळीस चहा झाला. दुतर्फा साग आणि ऐन होतेच. परंतु आत्याबाई सारा वेळ आभाळाकडे पाहत होत्या, आणि आभाळ रिकामें होतें. चहाच्या दुकानांतील एका वृद्ध शेतकऱ्यानें सांगितलें कीं, पूर्वीं सकाळीं बैल मेला तर सांजेपर्यंत नुसतीं हाडें उरत. आतां तेथें कुत्रीं भांडतात.

हें कशानें झालें? गुरांची सूज व वेदना कमी करण्यासाठीं डायक्लोफिनॅक नांवाचें औषध देत. तें टोचलेलें जनावर लवकरच मेलें आणि गिधाडानें खाल्लें, तर गिधाडाचीं मूत्रपिंडें निकामी होतात. हें कारण २००४ सालीं उघडकीस आलें. तोंवर भारतांतील पांढऱ्या पाठीचीं गिधाडें शेंकडा नव्वदांहून अधिक नष्ट झालीं होतीं. २००६ सालीं सरकारनें गुरांसाठीं तें औषध बनविण्यास बंदी केली. २०२३ सालीं एसिक्लोफिनॅक व किटोप्रोफेन यांच्यावरही बंदी आली. परंतु गिधाडाची मादी वर्षाकाठीं एकच अंडें घालते. गेलेलें धन लवकर भरून येत नाहीं.

तरी निराश होण्याचें कारण नाहीं. मेलेलीं निर्धोक जनावरें ठराविक जागीं ठेवून गिधाडें जगविण्याची युक्ति दक्षिण आफ्रिकेंत १९६० नंतरच्या दशकांत रूढ झाली. तीच आपल्या वनखात्यानें पेठच्या दक्षिणेस, हरसूलजवळील खोरीपाड्यास योजिली, आणि तेथें पांढऱ्या पाठीचीं व लांब चोचीचीं गिधाडें उतरूं लागलीं. म्हणजे पुतण्यानें पाहिलेलें दृश्य आपल्याच जिल्ह्यांत पुन्हां दिसूं शकतें.

पंचवटी आपली, आणि जटायूनें देह ठेविला असें परंपरा सांगते तें टाकेदही आपल्याच जिल्ह्यांतलें. त्याची कथा मुलांस सांगणाऱ्या घरांनीं एवढें तरी करावें. ज्यांची शेती आहे, गोठा आहे, त्यांनीं गाय आजारी पडल्यास डॉक्टरांस औषधाचें नांव विचारावें. गिधाडांस निर्धोक असें मेलॉक्सिकॅम सहज मिळतें. माणसांसाठींचें डायक्लोफिनॅक दुकानांत आजही विकतात. तें स्वस्त म्हणून गुरांस टोचूं नये.

परततांना आत्याबाई बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत. घरीं आल्यावर त्यांनीं पहिलें काम केलें तें हें: शेतावरच्या गड्यास बोलावून गोठ्यांतल्या औषधांची पेटी आणावयास सांगितली.