जुनी ईव्ही स्वस्तात मिळतेय, पण बॅटरीचं काय?

सेकंड हँड गाड्यांच्या बाजारात आता इलेक्ट्रिक गाड्याही दिसू लागल्या आहेत. पेट्रोलचे दर पाहता अशी गाडी कमी किमतीत मिळतेय म्हटल्यावर घरात चर्चा सुरू होतेच. नवी गाडी परवडत नाही आणि व्याजाचं कर्जही नको, म्हणून साठवलेल्या पैशातून रोखीने व्यवहार करणाऱ्या आपल्याकडच्या अनेक कुटुंबांना हा सौदा फायद्याचा वाटतो. फक्त त्यात बॅटरीचा हिशोब धरलेला नसतो.

पेट्रोल गाडीचं इंजिन थकलं तर मिस्त्री ते खोलतो, पिस्टन-रिंग बदलतो आणि गाडी आणखी काही वर्षं चालते. ईव्हीमध्ये सगळ्यात महाग वस्तू बॅटरीच. तिचा पॅक शेकडो सेल्सचा असतो. त्यातले मोजके सेल कमजोर झाले तरी पूर्ण पॅकची ताकद घटते. खरं तर अनेकदा तेवढाच भाग बदलून काम होऊ शकतं. पण सर्व्हिस सेंटरमध्ये ग्राहकाला बहुतेक वेळा अख्खा पॅक बदलायला सांगितलं जातं.

तो केवढ्याला पडतो? २०२४ मध्ये जगभरात पॅकची सरासरी किंमत किलोवॉट-तासाला ११५ डॉलर होती, असं ब्लूमबर्ग एनईएफ सांगतं. २०२० च्या जानेवारीत आलेल्या पहिल्या नेक्सॉन ईव्हीची बॅटरी ३०.२ किलोवॉट-तासांची. म्हणजे या दराने जवळपास तीन लाख रुपये. हा दर गाड्या बनवणाऱ्यांसाठीचा आहे, वर्कशॉपमध्ये उभ्या असलेल्या ग्राहकाला बिल त्याहून जास्तच येणार.

त्यात कराची गंमत पाहा. नव्या ईव्हीवर जीएसटी ५ टक्के, त्यात बॅटरीही आली. तीच लिथियम बॅटरी वेगळी विकत घेतली की १८ टक्के. तीन लाखांवर १५ हजारांऐवजी ५४ हजार! नवी गाडी घेणाऱ्याला सवलत आणि जुनी गाडी चालू ठेवू पाहणाऱ्यावर जादा कर, हे आम्हाला पटत नाही. पर्यावरणाचाच विचार असेल तर जुनी गाडी रस्त्यावर राहिलेली बरी.

पैसे तयार असले तरी बॅटरी मिळेलच असं नाही. बंगळुरूची रेवा २००१ मध्ये आली तेव्हा तिच्यात साध्या लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या होत्या. पुढे कंपनी महिंद्राकडे गेली, २०१३ मध्ये लिथियम बॅटरीची ई२ओ आली आणि काही वर्षांत ते मॉडेलही बंद झालं. बंद मॉडेलची अडचण अशी की एका गाडीचा पॅक दुसरीत बसत नाही. आकार वेगळा, सॉफ्टवेअर वेगळं.

या सॉफ्टवेअरचा फटका आपल्या मोहल्ल्यातल्या गॅरेजलाही बसतो. मुस्लिम समाज स्वयंरोजगारावर किती अवलंबून आहे, हे सच्चर समितीने २००६ मध्येच नोंदवलं होतं. गाडीदुरुस्ती हा त्यातलाच एक जुना हुनर. पण कंपनीचं निदान-यंत्र आणि पासवर्ड नसेल तर उस्ताद कितीही जाणकार असो, त्याला पॅकला हात लावता येत नाही. लावूही नये, कारण तीनशे-चारशे व्होल्टचा करंट जिवावर बेततो. त्यासाठी प्रशिक्षण हवं, आयटीआयच्या दारापर्यंत जाणारी मुलं आपल्याकडे आहेतच. केंद्राने २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर'साठी समिती नेमली, पोर्टल काढलं, त्यात वाहनंही घेतली. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या मेकॅनिकला देण्याची कायदेशीर सक्ती मात्र अजून झालेली नाही. त्याच वर्षीच्या बॅटरी कचरा नियमांनी निकामी बॅटरी परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली. नवी बॅटरी किती वर्षं आणि कोणत्या दरात मिळत राहील, यावर ते नियम गप्प आहेत.

पहिल्या नेक्सॉन ईव्हींची आठ वर्षांची बॅटरी वॉरंटी २०२८ मध्ये संपू लागेल, आणि अशा गाड्या त्याच सुमारास बाजारात वाढतील. घ्यायचीच असेल तर बयाणा देण्याआधी सर्व्हिस सेंटरमधून बॅटरीच्या तब्येतीचा लेखी रिपोर्ट काढून घ्या. वॉरंटी दुसऱ्या मालकाच्या नावावर होते का, हेही तिथेच विचारा. काही ठिकाणी ती पहिल्या मालकापुरतीच असते. फुल चार्ज करून स्वतः चालवून पाहा, शक्यतो भर उन्हात. आणि नव्या पॅकचं कोटेशन आधीच हातात घ्या, मगच गाडीचा भाव ठरवायला बसा.