काच चाटणारा मासा उपाशी का मरतो?

घरात, दुकानात किंवा दवाखान्याच्या प्रतीक्षागृहात फिश टँक बसवला, की विक्रेता रंगीत माशांबरोबर एक काळपट, ठिपक्याठिपक्यांचा मासा हमखास देतो. ‘हा टाकी साफ ठेवतो, याला वेगळं खायला लागत नाही,’ असे वर सांगतो. हा सकर मासा. त्याच्याविषयीचा हा समज आधी त्या माशाला आणि नंतर आपल्या नद्यांना महागात पडतो.

सकर मूळचा दक्षिण अमेरिकेतील नद्यांचा. स्वभावाने लाजरा आणि निशाचर. दिवसा तो बुडालेल्या ओंडक्याखाली किंवा काठाच्या बिळात दडून राहतो, अंधार पडला की चरायला निघतो. त्याचा डोळाही त्यासाठीच घडलेला आहे. उजेड वाढला की बुबुळाची एक झालर वरून खाली उतरते आणि प्रकाश अडवते. म्हणून दिवसभर कोपऱ्यात निपचित बसलेला सकर आजारी आहे, असे समजू नये.

टाकीत लपायला जागा नसेल, दिवा रात्रंदिवस सुरू असेल आणि येणारा-जाणारा काचेवर टिचक्या मारत असेल, तर मात्र तो खरोखर आजारी पडू शकतो. ताण आला की माणसाप्रमाणेच माशाच्या शरीरातही कॉर्टिसॉल वाढते. ते बराच काळ चढे राहिले, तर भूक मंदावते आणि रोगाशी लढण्याची ताकद कमी होते. अशा वेळी अनेक जण पाण्यात औषध ओततात. त्याआधी मातीच्या कुंडीचा अर्धा तुकडा किंवा लाकडाचा ओंडका ठेवून पाहावा. रात्री दिवा बंद करावा. पुष्कळदा एवढे पुरते.

आता खाण्याचे. सकर शेवाळ आणि ओंडक्यावरचा बुळबुळीत थर खरवडून खातो. इतर माशांची विष्ठा तो खात नाही. घरातल्या टाकीवरचे शेवाळ काही दिवसांत संपते. वर टाकलेले दाणे रंगीत मासे दिवसाच फस्त करतात आणि तळाशी बसलेला सकर उपाशी राहतो. पोट खपाटीला जाणे, डोळे खोल जाणे ही उपासमारीची लक्षणे. काही वेळा भुकेलेला सकर दुसऱ्या माशांच्या अंगाला चिकटून त्यांच्या त्वचेवरचा चिकट थर खातो आणि मालक त्याला ‘मारका’ ठरवतो.

उपाय सोपा आहे. दिवा मालवल्यावर तळाशी बुडणारी गोळी किंवा काकडी, दुधी, वाफवलेला पालक यांचा लहान तुकडा टाकावा. उरलेले सकाळी काढून टाकावे. जास्त खाऊ घालणेही घातकच. मासे अमोनिया मुख्यतः कल्ल्यांवाटे बाहेर टाकतात, कुजणाऱ्या अन्नातूनही तो तयार होतो. मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णाच्या रक्तात युरिया साठावा, तसा तो टाकीच्या पाण्यात साठतो. दर आठवड्याला सुमारे पाव भाग पाणी बदलावे. हाताला जखम असेल तर टाकीत हात घालू नये. अशा पाण्यातील एका जिवाणूमुळे त्वचेवर महिनोन्‌महिने न भरणाऱ्या गाठी येतात. काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत.

उपासमारीतून वाचलेला सकर वाढत जातो. विकत घेताना बोटाएवढा असलेला हा मासा पुढे दीड फुटापर्यंत पोचू शकतो आणि दहा वर्षांहून अधिक जगू शकतो. टाकी अपुरी पडते. मारवत नाही, म्हणून लोक त्याला जवळच्या पाण्यात सोडून देतात. ही दया फार महाग पडते. भीमेवरच्या उजनी जलाशयात सकर पसरला आहे. त्याच्या काटेरी परांनी आणि हाडासारख्या खवल्यांनी जाळी फाटतात, बाजारात त्याला भाव नाही आणि स्थानिक माशांच्या अन्नात तो वाटेकरी होतो. काठाच्या मातीत बिळे करून तो अंडी घालतो. पाण्यातला प्राणवायू घटला तर हवा गिळून तग धरतो. एकदा स्थिरावला की त्याला हटवणे जवळपास अशक्य.

पाथरीकरांनी हे दूरचे संकट समजू नये. ढालेगावचा बंधारा आपल्याच तालुक्यात, गोदावरीवर आहे. आरोग्य खाते डासांच्या अळ्यांसाठी गप्पी मासे सोडते, मग आपण मासा सोडला तर काय बिघडले, असे कोणी म्हणेल. गप्पीही परदेशीच आहे. ती साचलेल्या, बंदिस्त पाण्यात सोडायची असते, नदी-ओढ्यांत नव्हे. सकर तर कुठेच सोडायचा नसतो. नको झाला तर विक्रेत्याला परत करावा किंवा मोठी टाकी असलेल्या माणसाला द्यावा.

खरा निर्णय दुकानातच घ्यायचा असतो. दीड फुटाच्या, रात्री जागणाऱ्या, भाजी खाणाऱ्या प्राण्याला दहा वर्षे सांभाळण्याची तयारी आहे का, हे स्वतःला विचारावे. नसेल, तर काचेवरचे शेवाळ पुसायला एक स्पंज पुरेसा आहे.