लग्नानंतर तिच्या लेखणीचं काय?

मैत्रिणींनो, लेखक-लेखिकेच्या प्रेमाच्या कादंबऱ्या आपण आवडीने वाचतो. पत्रं, कविता, रुसवेफुगवे आणि शेवटच्या पानावर लग्न! पण पुढे तिच्या लेखणीचं काय झालं, हे कादंबरी सांगतच नाही.

एक खरी जोडी सांगते. कवी अनिल आणि कुसुमावती देशपांडे. त्यांची लग्नाआधीची पत्रं 'कुसुमानिल' या नावाने १९७२ साली निघाली. तेव्हा कुसुमावती हयात नव्हत्या. पत्रं गोड आहेतच, पण मला महत्त्वाचं वाटतं ते १९२९ च्या लग्नानंतरचं. कुसुमावतींनी नागपुरात इंग्रजी शिकवलं, कथा लिहिल्या, समीक्षा लिहिली. १९५८ साली मालवणच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष अनिल होते, १९६१ साली ग्वाल्हेरला कुसुमावती. त्या खुर्चीवर बसलेली ही पहिली स्त्री, बरं का!

आमच्या मंगळवेढ्याच्या चोखोबांच्या घरीही, चौदाव्या शतकात, दोघंही रचत होती. संसार गरिबीचा, देवळाचं दार बंद. तरी सोयराबाईंनी अभंग केले. मात्र अभंगात त्या स्वतःची ओळख चोखोबांच्या नावानेच देतात.

तेव्हा दूध-भाजीचा हिशेब लिहिता ना, त्याच वहीच्या मागच्या पानावर मनातल्या चार ओळी लिहा. खाली स्वतःचं नाव घाला. आणि ओळ अर्धी राहत असेल तर, "अहो, तेवढा कुकर बघा," असं खुशाल सांगा.