‘सर्व्हर डाऊन’ची नोंद कुठे आहे?

उत्पन्नाच्या दाखल्यासाठी सेतूच्या खिडकीशी उभ्या असलेल्या, सातबारासाठी तलाठ्याकडे खेप घातलेल्या किंवा रेशन दुकानात अंगठा टेकवून ताटकळणाऱ्या रत्नागिरीकराला एक उत्तर आता तोंडपाठ झाले आहे : ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या.’ लांजा-राजापूरकडून एसटीने आलेल्या माणसासाठी ‘उद्या’ म्हणजे आणखी एका दिवसाची मजुरी. हे उत्तर खोटेच असते असे नाही. पंचाईत अशी की ते खरे की खोटे हे कुणालाच, अगदी ते देणाऱ्या कारकुनालाही, तपासता येत नाही. टॉवरची वीज गेली, डिस्क भरली, पासवर्डची मुदत संपली किंवा प्रोग्रॅमच गडबडला, तरी सगळ्याला नाव तेच. नेमके काय बिघडले हे त्या क्षणी प्रोग्रॅमला बहुतेक वेळा माहीत असते. तो पडद्यावर एक चौकट दाखवतो, कुणीतरी ‘ओके’ दाबतो आणि ती माहिती कायमची नाहीशी होते. माझे म्हणणे एवढेच आहे : जनतेच्या किंवा ठेवीदारांच्या पैशाने घेतलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमने आपले म्हणणे ऑपरेटिंग सिस्टिमच्या नोंदवहीत, म्हणजे सिस्टिम लॉगमध्ये, लिहिलेच पाहिजे. त्याची एक प्रत लगेच दुसऱ्या यंत्राकडे गेली पाहिजे, आणि ही अट निविदेतच असली पाहिजे.

यात नवे तंत्रज्ञान काहीच नाही. बर्कले विद्यापीठात एरिक ऑलमन यांनी १९८०च्या दशकात ‘सेंडमेल’ या टपाल-प्रोग्रॅमसाठी ‘सिसलॉग’ तयार केला. सोय इतकी चांगली होती की इतर प्रोग्रॅमही तिथेच लिहू लागले आणि २००९ मध्ये त्या संदेशांचा आजचा साचा ठरला. विंडोजमध्येही १९९३ च्या एनटी आवृत्तीपासून ‘इव्हेंट लॉग’ आहेच. प्रोग्रॅमने फक्त काय घडले ते सांगायचे आणि ते किती गंभीर आहे याचा आकडा जोडायचा : शून्य म्हणजे हाहाकार, ३ म्हणजे चूक, ७ म्हणजे प्रोग्रॅमरपुरती कुजबुज. वेळ, यंत्राचे नाव आणि प्रोग्रॅमचा क्रमांक बहुधा यंत्रणाच घालते. ओळ साधारण अशी दिसते : ‘१४ जुलै, ११:०२:१७, सेतू-३, दाखला[२२४१] : डेटाबेसकडून ३० सेकंद उत्तर नाही, अर्ज जतन झाला नाही.’ एवढ्या एका ओळीत खिडकीवरचा वाद मिटतो. अर्ज जतन झालेला नाही, दोष अर्जदाराचा नाही आणि कारकुनाचाही नाही.

कारकुनाचा उल्लेख मुद्दाम केला. अशी नोंद म्हणजे कर्मचाऱ्यावर पाळत, अशी कुजबुज कार्यालयांत असते. ब्रिटनचा अनुभव नेमका उलट आहे. तिथल्या पोस्ट ऑफिसच्या ‘होरायझन’ या हिशेबाच्या प्रणालीत तूट दिसली म्हणून १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून अधिक उपडाकपालांना चोरी, अफरातफर किंवा खोट्या हिशेबाबद्दल दोषी ठरवले गेले. कित्येकांनी पदरचे पैसे भरले, काही तुरुंगात गेले. प्रणालीत दोष होते, आणि ती बनवणाऱ्या फुजित्सूची माणसे दुरून शाखेच्या हिशेबात हात घालू शकत होती, हे २०१९ च्या निकालात उघड झाले. फुजित्सूकडे माहीत असलेल्या दोषांची वेगळी नोंद होती. पोस्ट ऑफिसने ती न्यायालयापुढे आणायला आढेवेढे घेतले. अखेर २०२४ मध्ये संसदेला कायदा करून त्या शिक्षा रद्द कराव्या लागल्या. आपल्या पतसंस्थेतला रोखपाल आणि ई-पॉस यंत्रापुढचा रेशन दुकानदार त्या उपडाकपालांइतकेच उघड्यावर आहेत. यंत्र म्हणते तूट आहे, माणूस म्हणतो नाही, आणि मध्ये साक्षीदार कुणीच नाही.

‘आमच्या प्रोग्रॅमचा स्वतःचा लॉग आहे,’ असे विक्रेते हमखास सांगतात. असेलही. पण जो प्रोग्रॅम स्वतःच फसवला किंवा चुकवला गेला, त्याच्या वहीवर किती विसंबायचे? ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये लांबवले गेले. एटीएमच्या मागण्या बनावट ‘स्विच’कडे वळवून तिथेच मंजूर केल्या गेल्या आणि २८ देशांतून पैसे निघाले, बँकेच्या मुख्य प्रणालीला त्या मागण्या दिसल्याच नाहीत. अशा वेळी एका प्रोग्रॅमची वही कोरी राहते आणि उपयोगी पडतात त्या आजूबाजूच्या यंत्रांच्या नोंदी, त्याही एकाच घड्याळाने लावलेल्या असतील तर. कोकण रेल्वेच्या स्टेशनात गाड्यांच्या वेळा लिहिण्याचे रजिस्टर असते. ते गाडीच्या चालकाकडे ठेवत नाहीत, यामागचा विचार हाच आहे.

जागा आणि खर्चाचा आक्षेप फार टिकत नाही. एक ओळ २०० बाइटची धरली आणि रोज एक लाख ओळी धरल्या, तरी १८० दिवसांचे ३.६ जीबी होतात. एखाद्या पेन ड्राइव्हच्या कोपऱ्यात मावतील. खासगीपणाचा आक्षेप मात्र गंभीर आहे. मे २०१८ मध्ये ट्विटरला आपल्या ३३ कोटी वापरकर्त्यांना पासवर्ड बदलण्याची सूचना द्यावी लागली, कारण ते अंतर्गत लॉगमध्ये उघडेच लिहिले जात होते. आपल्याकडे आधार क्रमांक असेच लिहिले गेले तर कामापेक्षा संकटच मोठे. म्हणून काय लिहायचे याबरोबर काय लिहायचे नाही, हेही करारात हवे. पण या भीतीने नोंदच टाळणे चूक. डेस्कटॉपवर पडलेल्या, कुणीही उघडावी अशा मजकुराच्या फाइलपेक्षा ऑपरेटिंग सिस्टिमच्या लॉगवर पहारा ठेवणे सोपे असते. सिसलॉगचे जुने संदेश वाटेत हरवत, हे खरे. आता ते टीसीपीने आणि सांकेतिक रूपात पाठवता येतात. राहिला प्रश्न ‘वाचणार कोण?’ रोज कुणीच नाही. ० ते ३ आकड्याचे संदेश जिल्ह्याच्या ठिकाणी इशारा म्हणून वाजावेत, बाकीचे पडून राहावेत. वाद होईल त्या दिवशी ते वाचायला माणसे मिळतील. याच शहरात शासकीय तंत्रनिकेतन आहे, फिनोलेक्स अकॅडमी आहे.

दुसऱ्या यंत्रावरच्या प्रतीचे महत्त्व या जिल्ह्याला तरी समजावून सांगावे लागू नये. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण बुडाले तेव्हा तिथले एसटीचे आगारप्रमुख सुमारे ९ लाखांची रोकड वाचवायला तासन्‌तास बसच्या टपावर बसून होते. रोकड पिशवीत घालून वर नेता येते. टेबलाखालच्या संगणकातली नोंद मात्र आधीच दुसऱ्या गावी पोचलेली असेल तरच वाचते.

कायद्याचा पाया तयारच आहे. सरकारी संस्था, कंपन्या आणि डेटा सेंटर यांनी आपल्या सर्व संगणक प्रणालींचे लॉग चालू ठेवावेत, १८० दिवस भारतात जपावेत आणि घड्याळे सरकारी वेळेशी जुळवावीत, असा आदेश ‘सर्ट-इन’ या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजीच काढला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात सर्व्हरचे लॉग हे दस्तऐवज असल्याचे उदाहरणासह म्हटले आहे. उणीव आहे ती खरेदीच्या कागदात. आदेश लॉग जपायला सांगतो. पण प्रोग्रॅमने त्यात काही लिहिलेच नाही तर सहा महिने कोरे कागद जपल्यासारखे होते. जिल्हा परिषदेने, नगरपरिषदेने आणि पतसंस्थांच्या संचालकांनी पुढच्या निविदेत हे एक कलम घालावे. त्याला मंत्रालयाच्या परवानगीची वाट पाहण्याचे कारण दिसत नाही.

तोवर नागरिकाच्या हातातही एक गोष्ट आहे. माहिती अधिकार कायदा, २००५ मध्ये ‘माहिती’च्या व्याख्येत लॉगबुकांचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि सुरक्षेशी संबंधित तपशील झाकून बाकीचा भाग देण्याची सोय कलम १० मध्ये आहे. पुढच्या वेळी ‘सर्व्हर डाऊन’ ऐकले की तारीख आणि वेळ टिपून घ्या आणि त्या वेळेच्या सिस्टिम लॉगची प्रत मागा. अर्जाची फी १० रुपये आहे.