कॅसेटमधील साक्ष

सातारा-सांगलीकडील बौद्ध वस्त्यांत ज्या घरी एकेकाळी टेपरेकॉर्डर होता, त्या घरी जुन्या कॅसेटांची एखादी पेटी अद्यापि सापडते. भीमजयंतीचे गायन, विहारातील प्रवचन, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास जाऊन आलेल्या वृद्धांचे कथन, असे कितीतरी त्या फितींवर आहे. खेड्यापाड्यांतील सर्वच गायक काही ध्वनिमुद्रण कंपन्यांपर्यंत पोहोचले नाहीत. त्यांचा आवाज तेवढ्या एकाच फितीवर उरला आहे.

१९०१ साली साताऱ्याहून निघालेल्या बालवयीन भीमरावांना मसूर स्थानकावर गाडीवानांनी नाकारले, वाटेत प्यावयास पाणी मिळाले नाही. ही हकीकत बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली म्हणून जगास कळली. आमच्या ज्या आजा-आजींना अक्षरओळख नव्हती, त्यांचे मसूर या फितींतच आहे! आणि फीत कोणाची वाट पाहत नाही. बुरशी तिला खाते, उष्णता तिला वाकडी करते; ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी सांगलीच्या घराघरांत शिरले, तेव्हा कपाटेच्या कपाटे बुडाली.

म्हणून हे आवाज संगणकावर उतरवून घेण्याची लाट आली आहे, तिचे आम्ही स्वागतच करतो. परंतु एका दुकानदाराने केलेला प्रकार आमच्या पाहण्यात आला. त्याने श्रोत्यांचा घोष, मधला खोकला, गायकाने घेतलेले गावाचे नाव ही सारी ‘खरखर’ समजून पुसली आणि मूळ कॅसेट टाकून दिली. गाणे गोड झाले, साक्ष मात्र मेली.

मलकानी खटल्यात १९७२ साली सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिफीत पुरावा म्हणून स्वीकारली. पण आवाज ओळखता यावा व फितीत फेरफार झाला नाही हे सिद्ध व्हावे, या अटींवर. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम ६३ संगणकीय नोंदीसोबत प्रमाणपत्र मागते. आमचे वृद्ध उद्या न्यायालयात उभे राहतील असे नव्हे. पण आमच्या इतिहासाला ‘ऐकीव’ म्हणून हिणवणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांच्यापुढे हीच कसोटी लागते.

तेव्हा साठ मिनिटांची फीत साठ मिनिटेच लावून ऐकावी, घाई करू नये. प्रथम काहीही न पुसता ‘वेव्ह’ स्वरूपात प्रत घ्यावी. तासाला सुमारे सहाशे मेगाबाइट जागा लागते, ती आज महाग नाही. शुद्ध करावयाची ती दुसरी प्रत. कोणाचा आवाज, कोणते गाव, कोणते साल, फीत कोणाच्या घरची, हे वहीत लिहावे आणि प्रती दोन वेगळ्या गावी ठेवाव्यात. एक तरी नदीकाठापासून दूर. गायनाच्या प्रसाराआधी गायकाच्या घरच्यांची संमती घ्यावी. कायद्याने कलावंताचा हक्क पन्नास वर्षे टिकतो, आणि आमच्याच माणसाला आम्हीच लुबाडावे हे शोभत नाही.

मूळ कॅसेट मात्र कोणी कितीही मागितली तरी हातची सोडू नये.