खाडीकाठची वाट

खाडीकाठची वाट सुधारायची ठरली की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे पहिला येतो तो मुरमाचा ट्रक. दोन-चार खेपा टाकल्या, दाबून घेतलं, की झाली वाट! पावसाळ्यात डोक्यावर पाटी घेऊन चिखल तुडवणाऱ्या बायकांना आणि शाळेच्या पोरांना ही वाट हवीच, तेव्हा मागणीला कोणी नाक मुरडू नये. पण माळावर जो मुरूम चालतो तो खाडीला चालत नाही. का, ते मनोरीच्या खाडीवरून पाहू.

मालाडच्या मार्व्याहून तरीत बसलं की पलीकडे मनोरी. मुंबई महापालिकेच्या हद्दीतलं गाव, तरी कोळ्यांची आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांची जुनी घरं, माडांच्या वाड्या तिथं अजून आहेत. या खाडीला दहिसर नदी येऊन मिळते. नदी निघते बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात, तुळशी तलावाच्या बाजूने. जंगलात असते तोवर निर्मळ. वस्तीत शिरली की तबेल्यांचं शेण, गटारं, कचरा सारं पोटात घेते आणि खाडीच्या हवाली करते. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर तिच्या कडेने बऱ्याच ठिकाणी सिमेंटच्या भिंती उठल्या. भिंत झाली, पण काठ गेला. तिथं ना गवत, ना बेडूक, ना पाण्यापर्यंत उतरायला जागा.

मनोरीच्या खाडीला अजून काठ आहे तो तिवरांमुळे. तिवराखाली चिखलातून पेन्सिलीएवढ्या काड्या वर आलेल्या दिसतात. ती रोपं नव्हेत, मुळंच आहेत. खारट चिखलात हवा नसते, म्हणून झाड त्यांतून श्वास घेतं. भरतीला ती बुडतात, ओहोटीला उघडी पडतात. त्यांच्यावर वीतभर मुरूम पडला, किंवा मुरमाच्या बांधाने भरतीचं पाणी अडलं, की झाडाचा गळा आवळला. ते लगेच मरत नाही. काही महिन्यांनी वाळू लागतं, आणि मग आपण म्हणतो, रोग पडला! तिवर गेलं की कोलंबी, बोय, चिंबोरी यांच्या पिल्लांचा आसरा गेला. म्हणजे वाट झाली आणि त्या वाटेने बाजारात न्यायची मासळीच घटली.

मग वाट करावी कशी? शक्य तिथं जुन्या बांधावरूनच न्यावी. ओहळ आडवा आला तर तो बुजवू नये, मोरी घालावी. आणि मोरीचा तळ ओहळाच्या तळाबरोबर ठेवावा. नळा वर बसवला की मागे पाणी साचतं, डास होतात. तिवरांमधूनच जायचं असेल तर खांबांवर उचललेली वाट बरी. शेजारच्या गोराईत वनखात्याने खारफुटी उद्यानासाठी हीच रीत धरली. खर्च जास्त, हे खरं. सावलीसाठी गुलमोहोराचा मोह टाळावा. बांधावर करंज, उंडी, भेंड लावावेत, खारा वारा त्यांना सोसतो.

कायदाही ध्यानात असू द्या. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली तिवरतोडीला आणि तिवरांपासून ५० मीटरच्या आत भराव-बांधकामाला बंदी घातली. २०१८ च्या निकालाने ती पक्की केली. सार्वजनिक कामालासुद्धा न्यायालयाची परवानगी लागते. ट्रक बोलावण्याआधी वनखात्याच्या कांदळवन कक्षाकडे अर्ज करावा, नाहीतर मुरूम पडायचा आणि खटला गावावर यायचा.

काठ उघडा पडला असेल तिथं कांदळ लावता येतो. त्याचं बी झाडावरच रुजतं आणि लांब हिरव्या शेंगेसारखं लोंबतं. पावसाळ्यात गळून पडलेल्या, किडक्या नसलेल्या शेंगा गोळा कराव्यात आणि ओहोटीच्या वेळी टोकदार बाजू खाली करून चिखलात रोवाव्यात. खत नको, पाणी नको. मात्र होड्या ओढायची जागा मोकळी सोडा, आणि कोवळ्या पानांना शेळ्या लागणार नाहीत एवढं पाहा.