ऑस्कर आणि प्रॉक्सी

ऑस्करच्या आदल्या रात्री आमच्या हॉस्टेलवर पैजा लागतात. माझे अंदाज बहुतेक बरोबर येतात, आणि त्यातले अर्धे पिक्चर मी पाहिलेलेच नसतात! ट्रिक सोपी आहे. अमेरिकेतल्या दिग्दर्शकांच्या गिल्डचा पुरस्कार ज्याला, दिग्दर्शनाचं ऑस्कर बहुधा त्यालाच. २०२४ ला नोलन, २०२५ ला शॉन बेकर, डोळे झाकून लिहा. (२०२० ला मात्र गिल्डने सॅम मेंडिसला निवडलं आणि ऑस्कर नेलं ‘पॅरासाइट’च्या बाँग जून-हो यांनी. चालायचंच.)

पण मी न पाहता सांगतो ते ठीक, मत देणाऱ्यांचं काय? बहुतेक विभागांत अंतिम मत देण्याआधी सगळे नामांकित चित्रपट पाहायची सक्तीच नव्हती! ती जाहीर झाली एप्रिल २०२५ मध्ये. पहिला सोहळा १९२९ चा, करा हिशोब. आणि पिक्चर बाहेर कुठे पाहिला असेल तर कधी, कुठे पाहिला याचा फॉर्म भरायचा म्हणे. प्रॉक्सी लावणाऱ्या आम्हा मंडळींना फॉर्मची किंमत कोणी शिकवू नये.

आपल्या ‘श्वास’चं आठवा. २००४ साली भारतातर्फे गेला. परभाषेच्या विभागात पाहूनच मत द्यायची अट, तरी तिकडे खेळ आणि प्रसिद्धी करायला संदीप सावंत आणि मंडळींना पैसा उभा करावा लागला. लोकांनी अक्षरशः वर्गणी दिली. सिनेमा चांगला असून भागत नाही, तो चांगला आहे हे ओरडून सांगायलाही डॉलर लागतात! नामांकन नाहीच मिळालं.

यंदा पैजेला मी नियम घातलाय, पिक्चर पाहिला असेल त्यानेच लावायची. आत्तापर्यंत तिघेच तयार झालेत.